गाडी आपापल्या जबाबदारीवर

मराठीतले 'लावणे' हे क्रियापद फार कष्टाळू आहे. दिवा लावायचा, झाड लावायचे, कुंकू लावायचे, शिस्त लावायची, वाट लावायची, चुना लावायचा, या सगळ्या कामांना ते एकटे पुरते. मोटार आली तेव्हा तीही त्याच्याच गळ्यात पडली आणि आपण 'गाडी लावली' असे म्हणू लागलो. त्याआधी गाडी लावत नसत, सोडत असत. आमचे आजोबा बाजारातून आले की सांगायचे, "चिंचेखाली गाडी सोडली अन् मग बाजार केला." म्हणजे बैल जुवाखालून मोकळे केले, त्यांच्यापुढे चार पेंढ्या कडबा टाकला आणि स्वतः चहाला गेले. आज एसटीचा कंट्रोलर 'गाडी सोडली' म्हणतो तेव्हा ती निघून गेलेली असते आणि आपण पिशवी घेऊन फलाटावर उभे असतो. ज्या शब्दाने पूर्वी गाडी थांबायची त्याच शब्दाने आता ती जाते! वाहन ठेवण्याचा प्रश्न बिघडायला तेव्हापासूनच सुरुवात झाली असावी असे माझे मत आहे.

हे मत बनवायची वेळ माझ्यावर एका समितीने आणली. २०१६ साली आमच्या विद्यापीठाच्या आवारात वाहने फार झाली, म्हणून परवाने आणि आकार ठरवण्यासाठी एक समिती नेमण्यात आली. विद्यापीठाचे नाव सांगत नाही. कोणत्याही विद्यापीठाला ते आपलेच वाटावे, इतके ते सर्वसाधारण आहे. समितीवर गणिताचे एक सर होते, कारण जागा मोजायची होती. वनस्पतिशास्त्राच्या एक बाई होत्या, कारण सगळ्यांना झाडाखालची जागा हवी होती. लेखा विभागाचे एक गृहस्थ होते, कारण पैसे जमायचे होते. विधी विभागाचे एक सर होते, कारण काही झाले तर हात वर करायचे होते. आणि मी होतो, इतिहासाचा. सरकारी अहवालात 'पार्श्वभूमी' नावाचे एक पान असते. ते कोणी वाचत नाही, पण ते नसले तर अहवाल परत येतो. असे पान लिहायला इतिहासाचा माणूस लागतो.

आता मी पडलो धारूरचा. सरकारी कागदावर 'किल्ले धारूर'. बालाघाटाच्या कड्यावर बसलेले गाव. खाली तेलगावकडून गोदावरीच्या खोऱ्यातून कोणी वर चढला की घाट संपताच आमच्या गावात येतो, आणि चढून आलेल्या माणसाला व जनावराला पहिली गरज असते ती टेकायची. म्हणजे गाडी ठेवण्याचा प्रश्न ही आमच्या गावाची वडिलोपार्जित मिळकत आहे. पार्श्वभूमी लिहायची म्हटल्यावर मी ती गावापासून सुरू केली यात माझा दोष नाही.

आमचा किल्ला विजापूरच्या आदिलशाहीतल्या किश्वरखानाने बांधला. सोळाव्या शतकाच्या साठ-सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. त्यावर अहमदनगरचा मुर्तझा निजामशहा चालून आला. फिरिश्त्याने आपल्या इतिहासात सांगितले आहे की किश्वरखानाने त्याला काहीतरी उद्धट मजकूर लिहून पाठवला, तो वाचून सुलतान इतका भडकला की किल्ला घेतल्याशिवाय घोड्यावरून उतरणार नाही असे म्हणाला. किश्वरखान बाण लागून मेला, किल्ला पडला आणि धारूरचे नाव फतेहाबाद झाले. मला या हकिकतीत सुलतानाच्या शौर्यापेक्षा व्यवहारज्ञान जास्त दिसते. घोडा कुठे बांधायचा हा प्रश्नच त्याने निकालात काढला. उतरायचेच नाही! आमच्या आवारातले काही वरिष्ठ प्राध्यापक अजून हीच पद्धत वापरतात. ड्रायव्हर गाडी दारात चालू ठेवतो आणि साहेब व्याख्यान देऊन येतात.

पण सगळ्यांनाच घोड्यावर बसून राहणे परवडत नाही. धारूरला किल्ल्याच्या पायथ्याशी पेठ होती आणि तिथे आठवडी बाजार भरायचा. शहाजहानचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने 'पादशाहनामा'त या बाजाराची नोंद केली आहे. आठवड्यातून एकदा जवळचे-दूरचे लोक इथे खरेदी-विक्रीला जमतात, असे तो सांगतो. ही नोंद त्याने काही आमच्या कौतुकाने केलेली नाही. मोगल सरदार आझमखान धारूरवर आला, त्याने आधी ही पेठ लुटवली आणि मग जानेवारी १६३१ मध्ये किल्ला घेतला, या ओघात ती आली आहे. इतिहासात लहान गावाचे नाव बहुधा लुटीच्याच यादीत येते.

बाजार म्हटला की बैठक आली. जो जमिनीवर माल मांडून बसेल त्याने बसण्याबद्दल काहीतरी द्यायचे. मराठेशाहीच्या कागदांत या पट्ट्यांची नावे वाचली की करमणूक होते. म्हशीवर म्हैसपट्टी, गुरांच्या विक्रीवर शिंगशिंगोटी, मालाच्या वाटचालीवर जकात, आणि बाजारात बसण्याची बाजारबैठक. यातली बाजारबैठक अजून जिवंत आहे. आजही महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत तिच्या वसुलीचा लिलाव होतो आणि ठेकेदाराचा माणूस पावतीपुस्तक घेऊन मेथीच्या जुड्यांमधून फिरत असतो. जकात मात्र गेली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईचे जकातनाकेही उठले. शेकडो वर्षे जमिनीला चिकटून राहिली ती बैठकच! तेव्हा समितीला मी लिहून दिले की, महोदय, आपण जो आकार बसवणार आहोत तो नवा नाही. मोटार ही चार चाकांवरची मेथीची जुडी आहे.

लेखा विभागाच्या गृहस्थांना हे वाक्य आवडले. ते म्हणाले, "म्हणजे पूर्वापार घेत आलेत. मग वाद कशाला?"

मी म्हटले, "साहेब, थांबा. पूर्वापार द्यायचेसुद्धा."

"काय द्यायचे?"

इथून खरी पार्श्वभूमी सुरू होते.

ज्या मोहिमेत धारूर पडले तिच्याच काळातली एक गोष्ट बंजारा समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. दख्खनमध्ये १६३० ते १६३२ असा भीषण दुष्काळ पडला होता. माणसे अन्नाला मोताद झाली होती, आणि अशा मुलखात मोगलांचे लष्कर फिरत होते. लष्कराला धान्य पुरवायचे लमाणांच्या तांड्यांनी. भंगी आणि जंगी नावाचे दोन नाईक होते. त्यांच्याकडे १ लाख ८० हजार बैल होते असे परंपरा सांगते. इतकी जनावरे उभी करायची कुठे? घोडेस्वारांशी रोज तंटा होणार. तेव्हा शहाजहानचा वजीर आसफखान याने त्यांना सोन्याच्या अक्षरांत कोरलेला ताम्रपट दिला. त्याचा आशय असा की तांड्याने लोकांच्या रांजणातले पाणी घ्यावे, छपराचे गवत घ्यावे, दिवसाला तीन खून माफ, आणि जिथे वजिराचे घोडे उभे राहतील तिथे भंगी-जंगीचे बैलही उभे राहतील!

मी हे समितीत वाचून दाखवले तेव्हा विधी विभागाचे सर तीन खुनांपाशी अडखळले. पण माझे लक्ष शेवटच्या कलमावर होते. वजिराच्या घोड्याशेजारी लमाणाचा बैल! म्हणजे कुलगुरूंच्या गाडीशेजारी भाजीवाल्याचा टेम्पो. हा परवाना दर्जाप्रमाणे दिलेला नव्हता, कामाप्रमाणे दिलेला होता. धान्य आणणारा बैल दूर कुठेतरी उभा राहिला तर वजीर उपाशी मरेल, हे वजिराला कळत होते. बिचाऱ्या ज्या घरांचे गवत आणि पाणी गेले त्यांना कोणी विचारले नाही, हेही खरेच. जागेचा परवाना म्हटला की कोणाच्या तरी छपराचे गवत जाते. आमच्या समितीत ते नेहमी विद्यार्थ्यांचे असायचे.

दुसरी गोष्ट राखणीची. जुन्या गावगाड्यात वाटसरूचा माल किंवा जनावर गावच्या हद्दीत चोरीला गेले तर ती गावाची अब्रू असे. गावचे रखवालदार माग काढायचे. पाऊल शेजारच्या गावच्या शिवेत गेलेले दाखवले की जबाबदारी त्या गावावर जायची. माग आपल्याच गावात मुरला तर भरपाईचा बोजा गावावर किंवा रखवालदारांवर यायचा. ही व्यवस्था गोड होती असे मी म्हणत नाही. रखवालदारांवर अन्यायही व्हायचा, गावोगाव टोलवाटोलवीही चालायची. पण एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. ज्याच्या हद्दीत बैल सोडला, त्याच्यावर बैलाचा भार. घेणे आणि राखणे हे जुवाला जुंपलेले दोन बैल होते. एकट्यावर गाडी चालत नसे.

तिसरी गोष्ट शब्दाची. 'परवाना' हा शब्द फारसीतून आला. आमच्या मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामाचे राज्य, त्यामुळे कचेरीची भाषा उर्दू. जुन्या माणसांना परवान्याचे दोन अर्थ ठाऊक असत. एक लेखी हुकूम, आणि दुसरा दिव्यावर झडप घालून जळून जाणारा पतंग. शायराच्या मैफलीत परवाना दिव्याभोवती फिरतो, कचेरीत माणूस परवान्याभोवती फिरतो. जळण्याचे प्रमाण सारखेच. त्याच कचेरीतला आणखी एक शब्द आमच्या खेड्यातल्या अडाणी म्हातारीलाही कळायचा, तो म्हणजे 'अमानत'. दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेली वस्तू. अमानतीत खयानत करणारा माणूस चोरापेक्षा हलका समजला जायचा. चोर निदान ठेवून घेताना गोड बोलत नाही!

पुढे सायकल आली आणि नगरपालिकेने तिच्यावर कर बसवला. वर्षाचे पैसे भरले की पत्र्याचा एक बिल्ला मिळायचा, तो सायकलला अडकवायचा. दर वर्षी नवा बिल्ला. पोरे जुने बिल्ले जमवून खेळायची. बिल्ला नसला की नाक्यावरचा माणूस हवा सोडून द्यायचा, कधी सायकलच ठेवून घ्यायचा. त्या बिल्ल्याचा दिमाख मात्र काही और होता. तालेवाराची रॅले असो की दूधवाल्याची गंजलेली, बिल्ला एकच. आमच्या समितीने हीच चूक सुधारली. तिने चार रंगांचे स्टिकर ठरवले. तांबडा अधिकाऱ्यांना, निळा प्राध्यापकांना, हिरवा कर्मचाऱ्यांना आणि पिवळा विद्यार्थ्यांना. तांबड्याला सावली आणि फुकट, पिवळ्याला ऊन आणि रोज पाच रुपये. पगार जितका कमी तितका आकार जास्त, हे गणिताच्या सरांच्याही लक्षात आले. त्यांनी ते उलट्या प्रमाणाचे सुंदर उदाहरण म्हणून वहीत टिपून घेतले.

विद्यापीठाचे आणि गाडी लावण्याचे नाते परदेशातही जुनेच आहे, हे मी टिपणात मुद्दाम घातले, कारण परदेशाचे नाव आले की अहवालाला वजन येते. रस्त्यावर गाडी ठेवण्याचे पैसे घेणारे पहिले यंत्र १६ जुलै १९३५ रोजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत बसले. तासाला पाच सेंट. कल्पना कार्ल मॅगी नावाच्या संपादकाची. तोही शहराच्या वाहतूक समितीवरच होता. पण यंत्र बनवले ते तिथल्या कृषी व यांत्रिकी महाविद्यालयातले प्राध्यापक होल्गर थ्युसेन आणि त्यांचा जुना विद्यार्थी जेराल्ड हेल यांनी. त्या महाविद्यालयाचे पुढे विद्यापीठ झाले. म्हणजे हा मीटर शेवटी विद्यापीठाच्याच पोटचा. या यंत्राचा पहिला बळी एक पाद्री होता असे सांगतात. तो बिचारा सुटे पैसे आणायला दुकानात गेला होता.

कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क कर यांनी १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत तर थट्टेने असा विचार मांडला की विद्यापीठातले प्राध्यापक आपापली दुकाने चालवणारे असतात, त्यांना एकत्र बांधणारी गोष्ट एकच, गाडी लावायला जागा मिळत नाही ही तक्रार. त्याच विद्यापीठाच्या बर्कले येथील आवारात नोबेल पारितोषिक मिळालेल्या प्राध्यापकांसाठी गाडीची राखीव जागा असते. हे वाचून आमच्या समितीचे डोळे पाणावले. एक सदस्य म्हणाले, "बघा, तिकडे जागा मिळवायला नोबेल मिळवावे लागते." मी म्हटले, "आपल्याकडे सेवाज्येष्ठता पुरते. आपण पुढे आहोत."

सगळे ठरले. स्टिकर ठरले, दर ठरला, दंड ठरला, पावतीपुस्तकाचा रंगही ठरला. शेवटी मी एक ओळ सुचवली. 'पैसे घेऊन ठेवलेल्या वाहनाची राखण विद्यापीठ करील.' एवढीच. बैठकीत शांतता पसरली. वनस्पतिशास्त्राच्या बाई माझ्या बाजूने होत्या, पण त्या दुसऱ्या बैठकीला निघाल्या होत्या. विधी विभागाच्या सरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "अहो, आपण जागेचे पैसे घेतो, राखणीचे नाही." मग माझी ओळ खोडून त्या ठिकाणी दुसरी आली. ती आज प्रत्येक वाहनतळाच्या फलकावर आणि पावतीच्या पाठीवर तुम्हाला दिसेल. 'गाडी आपापल्या जबाबदारीवर ठेवावी.' माझे टिपण मात्र अहवालाला जोडले गेले. पान एक ते तीन, पार्श्वभूमी.

दीड वर्षाने एक मुलगा माझ्याकडे आला. आमच्या धारूर तालुक्यातल्याच एका वाडीचा. आईबाप दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारे. नवराबायको मिळून एक कोयता. बापाने मुकादमाकडून उचल घेतली होती, त्यातले काही पैसे घालून पोराला जुनी मोटारसायकल घेऊन दिली होती, कारण तो पहाटे पेपर टाकायचा आणि मग वर्गात यायचा. ती मोटारसायकल आवारातून, पाच रुपयांच्या पावतीसकट, भर दुपारी गेली होती.

मी त्याला घेऊन वाहनतळावर गेलो. फाटकावरचे मामा साठीचे. ठेकेदाराचे नोकर. ते हात जोडून म्हणाले, "सर, मला सांगितलंय पावत्या फाडायच्या. संध्याकाळी पुस्तक मोजून घेत्यात. गाड्या कोणी मोजीत नाही." माणूस खरे बोलला. पावतीपुस्तकातले एक पान हरवले असते तर त्याचा पगार कापला गेला असता. गाडी हरवली तर कोणाचेच काही कापले जात नव्हते, त्या पोराच्या बापाचे सोडून. तो बाप तेव्हा कुठल्यातरी कारखान्याच्या फडात मोळ्या बांधत होता आणि ती उचल अजून फिटायची होती.

कार्यालयात पोराला फलक दाखवण्यात आला. नंतर पावतीची पाठ दाखवण्यात आली. तो वाचून म्हणाला, "साहेब, मग पाच रुपये कशाचे होते?"

"जागेचे."

"जागा तर तिथंच आहे, साहेब. गाडी गेली."

इतकी वर्षे मी इतिहास शिकवला, पण बाजारबैठकीपासून स्टिकरपर्यंतचा इतिहास इतक्या थोडक्यात मला सांगता आला नव्हता.

गाडी सापडली नाही. पोराने पेपर टाकायचे काम सोडले नाही. सायकल घेतली. बिल्ला आता लागत नाही.

मग १४ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला. १९९८ साली दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात एक पाहुणा आला, त्याने आपली मारुती झेन दारातल्या नोकराच्या हवाली केली, टोकन घेतले आणि आत गेला. बाहेर आला तेव्हा गाडी भलताच कोणी घेऊन गेला होता. टोकनावर आपली ती अमर ओळ होतीच, गाडी मालकाच्या जबाबदारीवर. खटला एकवीस वर्षे वरवर चढत गेला. शेवटी न्यायालयाने म्हटले की गाडी ताब्यात घेतल्यावर तिची वाजवी काळजी घेणे हे तुमचे काम, आणि ती घेतली हे तुम्हीच दाखवायचे. टोकनावर एक ओळ छापून ते काम अंगावरून झटकता येणार नाही. निकाल चावी हाती देण्याच्या प्रकाराबद्दलचा आहे, हे आमच्या विधीच्या सरांनी मला तत्परतेने समजावून दिले. ते बरोबरच आहे. आमच्या मामांनी कधी कोणाची चावी घेतली नव्हती.

पण त्या निकालाचा पाया आहे १८७२ चा करार कायदा. दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतली तर शहाण्या माणसाने स्वतःच्या वस्तूची घ्यावी तेवढी काळजी घ्यावी, असे त्याचे १५१ वे कलम सांगते. कायद्याच्या मराठीत याला 'निक्षेप' म्हणतात. हा शब्द ऐकून कोणालाच काही वाटत नाही. अमानत म्हणून बघा. आमच्या वाडीतली म्हातारी पदर सावरून बसेल.

नवे विद्यापीठ, नवे इस्पितळ, नवा बाजार, कुठेही वाहनतळ निघाला की मी हल्ली फलकावर दर वाचत नाही. दर पाच असो की पन्नास, महागाई आहे, चालायचेच. स्टिकर कोणत्या रंगाचा हेही बघत नाही. राखणीला किती माणसे आहेत आणि संध्याकाळी ती पुस्तक मोजतात की गाड्या, एवढेच विचारतो. बहुतेक ठिकाणी उत्तर ऐकून मी गाडी पुढे नेतो आणि एखाद्या टपरीवाल्यासमोर लावतो. त्याच्याकडे एक चहा घेतो, बिस्किटाचा पुडा घेतो आणि म्हणतो, "मामा, गाडीकडं लक्ष असू द्या." तो कपबशी विसळता विसळता म्हणतो, "जावा निवांत." पावती नाही, फलक नाही, कलम नाही. आणि परत येतो तेव्हा त्याने गाडी उन्हातून सावलीत ढकलून ठेवलेली असते.